रोस्का दे रेयेस नेमकी कुठे फसते आणि कशी जमते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात घरी पाव, बन, ब्रिओश करायचा चांगला सराव होता, आता नोकरीमुळे मुक्काम मेक्सिको सिटीत. 6 जानेवारीसाठी रोस्का दे रेयेस, म्हणजे तीन राजांच्या सणाचा कड्याच्या आकाराचा गोड पाव, करून पाहिली. पीठ पाऊण तासात भसाभस फुगलं, ओव्हनमध्ये टम्म झालं आणि मग बसलं. मधलं भोक बुजलं, वरच्या गोड पट्ट्या घसरून ट्रेवर आल्या आणि दुसऱ्या दिवशी पाव कोरडा ठणठणीत. साहित्य व्हिडिओत सांगितलं तेवढंच होतं, मग चुकलं कुठे?

मी या शहरात बरीच वर्षं बेकिंगचं काम करते. डिसेंबर सरत आला की इथे नव्याने आलेल्यांकडून हीच तक्रार ऐकू येते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. तुमच्या हातात काही खोट नाही. शहराची उंची आणि घाई या दोन गोष्टी आड आल्या. उंची आपण बदलू शकत नाही, म्हणून घाई सोडायची. या लेखातलं बाकीचं सगळं यातूनच येतं.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, मेक्सिको सिटी 2240 मीटरवर. इथे हवेचा दाब कमी. यीस्टने सोडलेल्या वायूला बाहेरून अडवणारं कमी असतं, त्यामुळे तेवढाच वायू जास्त जागा व्यापतो आणि पीठ झटपट फुगतं. फुगलं म्हणजे तयार झालं असं मात्र नाही. तेवढ्या वेळात ग्लूटेनला, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांच्या चिवट जाळीला, बळ आलेलं नसतं, पिठाला चव आलेली नसते. असं पीठ ओव्हनमध्ये गेलं की आणखी ताणलं जातं, फुग्यांच्या भिंती फाटतात आणि पाव खाली बसतो. शिवाय इथे पाणी 92-93 अंशांनाच उकळतं, म्हणजे भाजताना ओल लवकर उडते. त्यात जानेवारीची कोरडी हवा आणि कोरडा मैदा. खाली मापं देताना इथली आणि पुण्यातली, जिथे फरक आहे तिथे, दोन्ही देते.

आधी पदार्थाबद्दल थोडं, कारण तो समजला की रोस्का लहान का करू नये ते कळतं. 6 जानेवारी हा मेल्चोर, गास्पार आणि बाल्तासार या तीन राजांचा दिवस. बाळ येशूला भेटी घेऊन आलेले हे राजे आदल्या रात्री मुलांसाठीही भेटी ठेवून जातात, मुलं त्यासाठी बूट काढून ठेवतात. ही रिंगण-पावाची चाल स्पॅनिश लोकांबरोबर इथे आली. वरची साखरेत मुरवलेली रंगीत फळं म्हणजे राजांच्या मुकुटातली रत्नं, आणि पावाच्या पोटात दडवलेली बाळाची छोटी मूर्ती म्हणजे येशूच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजापासून लपवलेलं बाळ, असा अर्थ लावतात. पूर्वी आत वाटाण्यासारखा बाकळ्याचा दाणा किंवा चिनीमातीची बाहुली असायची, आता प्लॅस्टिकची असते. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्याने 2 फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या दिवशी, सगळ्यांना तामालेस (मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे) आणि आतोले (मक्याचं दाट गरम पेय) द्यायचं. म्हणजे कापणाऱ्यांची रांग लागली पाहिजे, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने आपला तुकडा कापला पाहिजे. चार जणांची रोस्का करून ती गंमत येत नाही. पिठाच्या दृष्टीनेही मोठी रोस्का बरी. जाड कड्याच्या आत ओल टिकते, बारीक कडं भाजता भाजता सुकतं. म्हणून माप निम्मं करू नका. जास्त झाली तर शेजारी द्या.

दहा-बारा जणांच्या एका रोस्काला 500 ग्रॅम मैदा लागतो. पाकिटावर प्रथिनं बघा, 100 ग्रॅमला 11 ते 12 ग्रॅम असतील तो घ्या, केकचा हलका मैदा नको. साखर 100 ग्रॅम, मीठ 7 ग्रॅम. इन्स्टंट यीस्ट इथे 6 ग्रॅम, पुण्यात 9. ताजं यीस्ट वापरणार असाल तर तिप्पट. तीन अंडी आणि वर दोन बलक. दूध इथे 120 मिली, पुण्यात 100. बिनमिठाचं लोणी 125 ग्रॅम. दोन संत्र्यांची किसलेली साल, फक्त वरचा केशरी भाग, आणि दोन चहाचे चमचे संत्र्याच्या फुलांचं पाणी. त्याला इथे आग्वा दे आसाआर म्हणतात. ते मिळालं तर जरूर घाला, पण हात आखडता ठेवा, जास्त झालं तर पावाला साबणाचा वास येतो. व्हॅनिला मी घालत नाही. संत्र्याचा वास पुरेसा आहे आणि तोच पुढे यायला हवा.

साल किसली की लगेच साखरेत घालून बोटांनी चोळा. साखर ओलसर, फिकट केशरी होते आणि सालीतलं तेल तिच्यात उतरतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण नुसती साल पिठात टाकण्यापेक्षा वास कितीतरी जास्त येतो.

4 जानेवारीला संध्याकाळी सुरुवात करा. कोमट दुधात यीस्ट, एक चमचा साखर आणि मापातला 100 ग्रॅम मैदा कालवून झाकून ठेवा. इथली स्वयंपाकघरं जानेवारीत गार असतात, त्यामुळे पाऊण तासही लागेल. पृष्ठभागावर बुडबुडे येऊन मध्ये किंचित खळगा पडायला लागला की आंबवण तयार. इतक्या साखरेच्या आणि अंड्यांच्या पिठात यीस्टला काम करणं जड जातं, कारण साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते. आंबवणामुळे त्याला आधीच चालना मिळते आणि कमी यीस्टमध्ये भागतं.

आता उरलेला मैदा, साखर, मीठ, अंडी, बलक आणि आसाआर त्यात घालून मळा. लोणी अजिबात घालू नका. बहुतेकांची रोस्का इथे बिघडते. सुरुवातीला पीठ बोटांना, ओट्याला, सगळीकडे चिकटतं आणि हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे जातो. तो मूठभर मैदा म्हणजेच दुसऱ्या दिवशीचा कोरडा पाव. मैदा घालू नका, दहा मिनिटं झाकून ठेवा आणि पुन्हा मळायला घ्या. इथल्या पानादेरियांत, म्हणजे बेकऱ्यांत, जुने कारागीर असं पीठ दाबत बसत नाहीत. गोळा उचलायचा, ओट्यावर आपटायचा, पुढे ताणून स्वतःवर दुमडायचा, चौथाई वळवायचा आणि पुन्हा आपटायचा. आपटण्याचा आवाज आधी पचपचीत असतो, मग हळूहळू टणक होत जातो. ओटा आपोआप स्वच्छ व्हायला लागला की गोळा बांधला जातोय. मशीनवर मध्यम वेगाला सात-आठ मिनिटं, हाताने पंधरा.

मग लोणी. ते गार नको आणि वितळलेलंही नको. बोट दाबलं तर खळगा पडेल पण तेल सुटणार नाही इतपत मऊ. एकेक चमचा घाला, पहिला पूर्ण जिरला की दुसरा. पहिले दोन-तीन चमचे घातल्यावर पीठ फाटल्यासारखं होतं, चिंध्या दिसतात, वाटतं की सगळं वाया गेलं. घाबरू नका, मळत राहा. चार-पाच मिनिटांत ते पुन्हा एकत्र येतं आणि या वेळी त्याला रेशमासारखी चकाकी असते. लिंबाएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. पातळ पडदा झाला, पलीकडचा उजेड दिसला आणि तो फाटला नाही, तर झालं. फाटत असेल आणि भोकाच्या कडा करवतीसारख्या असतील तर अजून पाच मिनिटं. पीठ हाताला गरम लागायला लागलं तर मात्र थांबा आणि वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. गरम पिठातून लोणी बाहेर येतं आणि मग ते परत आत जात नाही.

गोळा तेलाचा हात लावलेल्या भांड्यात झाकून तासभर बाहेर, मग रात्रभर फ्रिजमध्ये. आठ ते बारा तास. तुमच्या पहिल्या खेपेला नेमका हा वेळ गेला नाही. गारव्यात यीस्ट सावकाश काम करतं, पीठ उगाच टम्म होत नाही, ग्लूटेन निवांत होतं, लोणी घट्ट बसतं आणि चव तयार होते. सकाळी गोळा कडक लागेल, तेच हवं आहे. असं पीठ चिकटत नाही आणि सांगाल तसं वळतं.

पट्ट्यांची गोड पेस्ट 5 तारखेला सकाळी करा. मैदा, पिठीसाखर आणि स्निग्ध पदार्थ प्रत्येकी 100 ग्रॅम आणि एक बलक, हे जुनं सोपं प्रमाण आहे. तुमच्या पट्ट्या घसरल्या याचं कारण बहुधा नुसतं लोणी. लोणी ओव्हनमध्ये लगेच वितळतं आणि पट्टी कड्यावरून खाली जाते. निम्मं लोणी, निम्मं वनस्पती तुपासारखं घट्ट शॉर्टनिंग घ्या, लोण्याची चव राहते आणि पट्टी जागेवर बसते. मैदाही 10-15 ग्रॅम जास्त चालेल. पेस्ट पोळीच्या कणकेपेक्षा किंचित मऊ असावी, बोटाला चिकटू नये. दुकानात एक काळजी घ्या, विशेषतः घरी शाकाहारी माणसं असतील तर: पाकिटावर नुसतं मांतेका लिहिलं असेल तर ती डुकराची चरबी असू शकते. मांतेका वेजेताल म्हणजे वनस्पतीपासून केलेलं शॉर्टनिंग, आणि मांतेकिया म्हणजे लोणी. बेकरीतून विकत आणत असाल तरी हे विचारून घ्या.

आता आकार. गार गोळा बाहेर काढून मैद्याचा अगदी हलका हात लावलेल्या ओट्यावर आयतात थापा, लांब बाजूने घट्ट गुंडाळा आणि साधारण 90 सेंटिमीटरचा दोर होईपर्यंत लाटा. मध्येच तो आखडून मागे येत असेल तर ओढाताण करू नका, दहा मिनिटं सोडून द्या, मग मुकाट लांब होतो. एक टोक बोटांनी चपटं करून दुसरं टोक त्यावर ठेवा आणि गुंडाळून चिमटा. नुसती टोकं चिकटवली तर भाजताना उकलतात. जोड खाली घ्या, वरून त्यावर एक पट्टी येईलच. इथली रोस्का बहुधा लांबट गोल असते, ट्रेमध्ये तशीच नीट मावते. मधलं भोक आत्ता तुम्हाला अवाजवी मोठं वाटलं पाहिजे, निदान 15 सेंटिमीटर, कारण कडं आतल्या बाजूलाही तेवढंच फुगतं. खात्री हवी असेल तर बाहेरून लोणी लावलेली स्टीलची वाटी मध्ये पालथी ठेवा आणि तशीच भाजा.

फुगायला ठेवताना इथे दुप्पट होण्याची वाट बघू नका. दीडपटीच्या जरा पुढे गेलं की पुरे. गार पिठाला दीड ते अडीच तास लागतात. ओल्या बोटाने हलकेच दाबून बघा. खळगा लगेच भरला तर अजून वेळ आहे, सावकाश आणि अर्धवट भरला तर ओव्हन लावा, भरलाच नाही तर उशीर झालाय. पुण्यात पावणेदोन पटीपर्यंत जाऊ द्यायला हरकत नाही.

सजावट मी या फुगण्याच्या मध्यावर करते. अगदी सुरुवातीला केली तर पट्ट्या ताणून तडकतात आणि फळं सुटून पडतात. अगदी शेवटी केली तर दाबामुळे फुगलेलं पीठ बसतं. एक अंडं, चमचाभर दूध आणि चिमूट मीठ फेटून ब्रशने पातळ थर लावा. पेस्टच्या बोटभर रुंद पट्ट्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत पूर्ण आडव्या पसरा आणि दोन्ही टोकं पिठाला दाबून चिकटवा. नुसती माथ्यावर ठेवलेली पट्टी घसरणारच. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागांत फळं, आणि मोकळ्या भागावर थोडी जाड साखर.

फळांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. जुन्या कृतींत आसित्रोन असतं. ते बिस्नागा नावाच्या पिंपासारख्या निवडुंगाचा गर साखरेत मुरवून करतात. गर काढायचा म्हणजे झाडाचा जीव घ्यायचा, आणि हे झाड पुरेसं मोठं व्हायला कित्येक दशकं लागतात. मेक्सिकोत ही वनस्पती कायद्याने संरक्षित आहे आणि आसित्रोनची विक्री बेकायदेशीर आहे. तरी सणाच्या दिवसांत कुठे कुठे बाजारात ते गुपचूप विकलं जातं. घेऊ नका. हल्ली बेकऱ्या त्याजागी आते वापरतात, म्हणजे पेरू किंवा मेंब्रिओ या फळाची घट्ट वडी, लांब पट्ट्या कापून. सोबत साखरेत मुरवलेलं अंजीर, संत्र्याची साल, लाल-हिरव्या चेरी. रोस्का त्याने काही कमी देखणी होत नाही.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात बसून करणाऱ्यांची इथे उलट सोय आहे. आसित्रोनच्या जागी कोहळ्याचा पेठा घ्या. तोही पाकात मुरवलेला, पारदर्शक, चावायला तसाच. कोरडा पेठा बोटाएवढ्या पट्ट्यांत कापा आणि वरची सुटी साखर झटका. आतेच्या जागी गोव्याचं पेराद. पेरूची ही वडी पोर्तुगीजांच्या वाटेने गोव्यात आली, आते स्पॅनिश लोकांच्या वाटेने मेक्सिकोत, आणि दोन्हींचं मूळ त्याच आयबेरियन स्वयंपाकघरात आहे. टूटी-फ्रूटी चवीला चालेल, पण तुकडे फार बारीक असतात, लांबट पट्ट्यांचा उठाव येत नाही. गोव्यात तर तारीखही तीच. 6 जानेवारीला वेरेंच्या रेईश मागूश चर्चमध्ये आणि चांदरला तीन राजांचं फेस्त होतं, राजांच्या वेषातली मुलं मिरवणुकीने येतात. तिथल्या कुणा घरी त्या दिवशी रोस्का गेली तर तिचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

ओव्हन 190 अंशांवर नीट तापू द्या. पहिली दहा मिनिटं 190, मग 175 वर आणखी पंधरा ते अठरा. उंचीवर सुरुवातीची उष्णता जरा जास्त हवी, म्हणजे फुगे फाटायच्या आत पाव धरतो. रंग फार लवकर आला तर वर फॉइल सैल टाका. थर्मामीटर असेल तर जाड भागात 88 ते 90 अंश झाले की बाहेर. काही कृतींत 95 अंशांपर्यंत भाजायला सांगतात. इथे पाणीच 92-93 ला उकळतं, म्हणजे तो आकडा ओल असलेल्या पावात येणारच नाही, आणि तुम्ही वाट बघत बघत रोस्का वाळवाल. तुमचा पाव कोरडा होण्यात याचाही वाटा असू शकतो.

बाळ भाजण्याआधी आत घालू नका. सगळ्या प्लॅस्टिकला ओव्हन सोसत नाही. रोस्का पूर्ण गार झाली की उलटी करून खालून सुरीने चीर द्या आणि मूर्ती खोल ढकला, पाव परत मिटतो. या मापाला तीन-चार पुरेत आणि त्या एकमेकांपासून लांब ठेवा, म्हणजे तामालेसचा खर्चही वाटून जातो. लहान मुलांना तुकडा देण्याआधी तो मोडून बघा, मूर्ती घशात अडकण्याएवढी लहान असते.

अंडी न खाणाऱ्यांसाठी: दूध एकूण 240-250 मिली, 30 ग्रॅम दूध पावडर आणि लोणी 150 ग्रॅम करा, पेस्टमध्ये बलकाऐवजी चमचाभर दूध, वरून दूध-साय लावा. पाव छान होतो, मऊही होतो, पण बलकाचा पिवळेपणा आणि ती भरदार चव येत नाही. थोडं केशर घातलं तर रंग येतो, मग आसाआर वगळा, दोन्ही वास एकत्र बरे लागत नाहीत.

सायीची किंवा चॉकलेटची भरलेली रोस्काही हल्ली खूप खपते. पाव चांगला झाला असेल तर भरण्याची गरज नाही असं माझं मत आहे. सोबत मात्र दाट गरम चॉकलेट हवंच.

उरलेले तुकडे कापडात गुंडाळून डब्यात दोन दिवस मऊ राहतात. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे पाव लवकर शिळा होतो. जास्त दिवस ठेवायचे तर त्याच संध्याकाळी काप करून फ्रीझरमध्ये टाका आणि खाताना तव्यावर मंद आचेवर, पट्टी नसलेली बाजू खाली ठेवून गरम करा. पट्टीची बाजू तव्याला लागली तर साखर जळते.